जिल्ह्याची सीमा आणि वनस्पतींची सीमा

थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. त्यात दूरचा सिंध आहे. शेजारचे वऱ्हाड नाही. बुलढाणा त्यातून वगळला गेला तो राज्यकारभाराच्या सीमेमुळे. पी. जी. दिवाकर व बी. डी. शर्मा यांच्या 'फ्लोरा ऑफ बुलढाणा डिस्ट्रिक्ट' (२०००) या ग्रंथाचे मोल प्रथम या उणिवेच्या संदर्भात जोखले पाहिजे. एखाद्या जिल्ह्यातील 'नवी नोंद' म्हणजे शास्त्राला नवी जाती नव्हे. पुष्कळदा ती, तेथे पूर्वी कोणी फिरकले नव्हते, एवढीच साक्ष असते.

जिल्हावार सूचीच्या पद्धतीतच मात्र एक अडचण आहे. उत्तरेस सातपुड्याचे उतार, त्याखाली पूर्णेचा खारपाण पट्टा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर आणि लोणारच्या उल्काविवरातील क्षारयुक्त सरोवर, यांना एकत्र आणणारा दुवा केवळ महसुली आहे. लोणारच्या काठी अमेरिका खंडातून आलेली वेडी बाभूळ माजली (तिचीही गणना जिल्ह्याच्या वनस्पतींतच व्हावयाची!), व पुढे ती काढण्याचे काम हाती घेण्यात आले. त्या जागी मूळच्या कोणत्या जाती परतल्या, हे ताडून पाहावयाचे तर जुन्या नमुन्यांवर काठाचे नेमके स्थळ व दिनांक हवेत. 'बुलढाणा जिल्हा' एवढ्या निर्देशाने भागत नाही.