नियम नेमका, तर डाव कसदार

कबड्डीचे एकेकाळी तीन प्रकार खेळले जात: संजीवनी, गामिनी आणि अमर. मैदान सारखेच, दम सारखाच, पकडही तीच. फरक होता तो बाद झालेल्या गड्याचे पुढे काय करायचे, यात. अमरमध्ये बाद झालेला गडी मैदानातच राहतो आणि समोरच्या संघाला गुण मिळतो. गामिनीत तो अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसतो. संजीवनीत आपल्या संघाने समोरचा एक बाद केला की आपला बाहेर बसलेला एक गडी परत आत येतो.

एवढ्या एका कलमाने तीन निराळे खेळ घडवले. अमरमध्ये चूक एका गुणावर निभावते, म्हणून धीट गडी आणि बेफिकीर गडी यांच्यातला फरक फारसा कळत नाही. गामिनीत सुरुवातीलाच दोघे-तिघे गेले की उरलेल्यांना सावरायला वावच राहत नाही. संजीवनीत चूक महाग पडते, पण भरून काढता येते, आणि ती भरून काढायला पुन्हा कसबच लागते. आज जगभर प्रमाण मानली जाणारी कबड्डी संजीवनीच्या वळणाची आहे, हे योग्यच झाले.

खेळाच्या समीक्षेत आपण खेळाडूंविषयी भरभरून लिहितो आणि नियमांना तांत्रिक बाब म्हणून बाजूला ठेवतो. माझे मत उलट आहे. खेळाडूचे कसब कुठे लागेल, किती लागेल आणि प्रेक्षकाला ते दिसेल की नाही, हे नियम ठरवतो. चांगला नियम खेळाडूपुढे खरी अडचण उभी करतो, तिच्यातून सुटायचे एकापेक्षा जास्त मार्ग ठेवतो आणि निवडलेल्या मार्गाची किंमत वसूल करतो. आजच्या कबड्डी-खोखोला याच कसोटीवर पारखले पाहिजे.

वऱ्हाडाला या विषयावर बोलण्याचा अधिकार आहे. अमरावतीत 1914 साली अंबादासपंत आणि अनंतराव वैद्य या बंधूंनी सुरू केलेल्या आखाड्यातून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. त्याच वर्षी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खोखोला नियमांची चौकट दिली. पुढे 1923 साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने कबड्डीचे नियम छापून स्पर्धा घेतल्या. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. गल्लीत ज्याच्या-त्याच्या सोयीने खेळला जाणारा खेळ परक्या देशातल्या जाणकारांपुढे मांडता आला, कारण तोवर त्याला सांगता येईल असा नियम मिळाला होता. या मंडळात शिकलेले व्यायामशिक्षक शाळाशाळांत गेले आणि शिट्टीबरोबर नियमही घेऊन गेले.

2014 साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने दोन नियम घरोघरी पोहोचवले: तिसरी चढाई आणि अव्वल पकड. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. तीन किंवा त्याहून कमी क्षेत्ररक्षक असताना पकड केली तर त्यांना एक गुण जादा. हे नियम टीव्हीसाठी केलेला मसाला आहेत, असा आक्षेप जुने खेळाडू घेतात. तो मला पटत नाही.

हे दोन्ही नियम एकत्र येतात तो क्षण जवळून पाहावा. मैदानात तीन क्षेत्ररक्षक उरले आहेत आणि समोरून तिसरी चढाई आली आहे. चढाईपटूकडे तीस सेकंद आहेत. बोनस रेषेचा आधार नाही, कारण बोनस गुणासाठी समोर किमान सहा गडी लागतात. म्हणजे स्पर्श करूनच परतायला हवे. क्षेत्ररक्षकांनी अंग चोरून वेळ काढला तर चढाईपटू आपोआप बाद होतो, एक गुण मिळतो आणि बाहेरचा एक गडी आत येतो. पकड केली तर दोन गुण. पण तिघेही तुटून पडले आणि तो त्यांना ओढत मध्यरेषेला टेकला, तर तीन गडी गेले, वर अख्खा संघ बाद झाल्याचे, म्हणजे लोणाचे, दोन, असे पाच गुण गमावले. डाव्या कोपऱ्यातल्या गड्याने घोट्याकडे झेपावायचे की थांबायचे, हा निर्णय अर्ध्या सेकंदात होतो आणि तिघांचा एकच व्हावा लागतो. जुन्या पद्धतीत आघाडीवरचा संघ रिकाम्या चढाया करून वेळ काढत असे आणि क्षेत्ररक्षकही दूर उभे राहून त्याला साथ देत. ती पळवाट नव्या नियमाने बंद केली. ताकद तेवढीच लागते, डोके जास्त लागते.

खोखोचा नियम तर याहून देखणा आहे. पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ गडी, पळणारे एका वेळी तिघेच. तरीही सामना तोलाचा होतो, कारण सगळी बंधने पाठलाग करणाऱ्यावर आहेत. त्याने एकदा दिशा घेतली की मागे वळता येत नाही. बसलेल्या गड्यांमधली मधली पाटी ओलांडता येत नाही. खांबापर्यंत न जाता बाजू बदलायची तर खो देऊनच. पळणाऱ्याला मात्र दोन गड्यांमधून कुठूनही जाता येते. म्हणून अनुभवी पळणारा समोरच्याच्या पायांपेक्षा खांद्याकडे पाहतो. उठणाऱ्याचा खांदा वळला की दिशा ठरली, आणि ती ठरली की हा पलीकडच्या बाजूला. खांबापाशी डाव पालटतो. खांबाच्या रेषेपलीकडे दिशेचे बंधन नसते, म्हणून पाठलाग करणारे पळणाऱ्याला तिकडे रेटत नेतात. एकट्याचा वेग इथे अपुरा पडतो. खो कधी द्यायचा आणि कुणाला, यावर डाव चालतो.

म्हणूनच 2022 साली सुरू झालेल्या अल्टिमेट खो खो लीगने आणलेला ‘वजीर’ मला खटकतो. या एका पाठलागपटूला कोणत्याही दिशेने पळता येते. पाहायला गंमत येते, गडी पटापट बाद होतात. पण ज्या बंधनातून खो देण्याची कला जन्मली, तेच वजिराला माफ केले आहे. त्याला डोके चालवून अडचण सोडवायची गरज उरत नाही. त्याउलट सूर मारून केलेल्या स्पर्शाला जादा गुण देण्याचा लीगचा नियम मी उचलून धरतो, कारण सूर चुकला तर गडी जमिनीवर आणि पळणारा निसटलेला. इथे जोखमीला मोबदला आहे. जानेवारी 2025 मध्ये नवी दिल्लीत झालेला पहिला खोखो विश्वचषक भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी जिंकला, दोन्ही अंतिम सामन्यांत नेपाळला हरवून. खेळ जगात पोहोचतो आहे. कोणत्या नियमांसह पोहोचतो, हे आत्ताच ठरवायला हवे.

हा प्रश्न केवळ मातीतल्या खेळांचा नाही. अमेरिकेत 1974 साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळायचा खेळ आला. त्यात प्रत्येक खेळाडू एक पात्र होतो आणि एक जण पंचासारखा भुयार, सापळे, शत्रू मांडतो. त्याच्या दोन जनकांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, यांनी 1975 साली स्पर्धेसाठी एक जीवघेणे भुयार रचले. भुयार आधीच आखलेले, सापळे ठरलेले. त्यामुळे कोण किती आत पोहोचले, यावरून हुशारी मोजता आली. पंचाने दया येऊन मधेच सापळा हलवला असता, तर त्या मोजणीला अर्थ उरला नसता. कल्पनेतल्या भुयाराला जे लागू, ते मैदानालाही लागू: अडचण आधी जाहीर हवी आणि सर्वांना सारखी हवी.

आपल्याकडे घोडे इथेच अडते. अकोला-अमरावतीच्या खेड्यांत खुले कबड्डी सामने होतात, बक्षिसांचे फलक लागतात, रात्र उलटली तरी गर्दी हटत नाही. हा उत्साह ही मोठी शिदोरी आहे. पण एका रात्रीत जास्त सामने उरकायचे म्हणून डावाची वेळ छाटली जाते. वेळ छाटली की लोणातून सावरायची संधी जाते, संजीवनीचा प्राणच जातो, आणि एखाद्या दांडगट चढाईपटूच्या जिवावर सामना निघतो. मधेच एखादा नियम आयोजक आपल्या मनाने बदलतात. मॅटचीही तीच गत आहे. मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात आणि आपली मुले काळ्या मातीवर सराव करून तिथे जातात. मातीवर घसरून केलेली पकड मॅटवर तशीच लागत नाही. वळण्याचे आणि थांबण्याचे तंत्र वेगळे लागते. या मुलांची हार ही कसबाची हार नाही, तयारीतल्या असमानतेची आहे.

वऱ्हाडातल्या आयोजकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. संघ कमी घ्या, पण पूर्ण वेळेचा सामना खेळवा. नियम प्रवेशिकेबरोबरच छापून द्या आणि मग ते कुणासाठीही वाकवू नका. बक्षिसाच्या रकमेतला थोडा हिस्सा पंचांच्या शिक्षणावर खर्च करा आणि तालुक्याला निदान एक मॅट मिळावी म्हणून जोर लावा. गुणी खेळाडू आपल्या मातीत आहेत. त्यांच्या तोलाचा नियम त्यांना देणे हे आपले काम आहे.