भरपाईचे युद्ध : अमिताव घोष यांच्या इबिस कादंबरीत्रयीतील कारणमीमांसा

पहिल्या इंग्रज-चिनी युद्धाची (१८३९-१८४२) कारणे शिकवताना बहुधा एकच वाक्य पुढे येते : चीनच्या अधिकाऱ्याने इंग्रजांची अफू जाळली आणि युद्ध पेटले. त्यातले 'जाळली' हे क्रियापदही अचूक नाही. लिन झेशू यांनी जून १८३९ मध्ये हुमेन येथे अफू मीठ व चुना घातलेल्या पाण्यात विरघळवून समुद्रात सोडून दिली. परंतु याहून मोठा प्रश्न असा, की खाजगी व्यापाऱ्यांच्या चोरट्या मालासाठी एका राज्याने आरमार का पाठवावे? 'सी ऑफ पॉपीज' (२००८), 'रिव्हर ऑफ स्मोक' (२०११) आणि 'फ्लड ऑफ फायर' (२०१५) या तीन कादंबऱ्यांचे मोल याच प्रश्नावर तपासले पाहिजे.

त्रयीतील सर्वांत समर्थ भाग दुसरा. त्याचा नायक बहराम मोदी हा मुंबईचा पारशी व्यापारी. आयुष्यातील सर्वांत मोठा माल जहाजात भरून तो कँटनला येतो आणि लिन यांच्या हुकुमात सापडतो. घोष येथे युद्धाचे कारण दरबारात शोधत नाहीत, हिशेबाच्या वहीत शोधतात, आणि ही दृष्टी इतिहासाला धरून आहे. ब्रिटनला चहा हवा होता, चीनला ब्रिटिश मालाची फारशी गरज नव्हती, आणि चांदीचा हा तुटवडा कंपनीच्या हिंदुस्थानातील अफूने भरून काढला. १८३४ मध्ये चीनच्या व्यापारातील कंपनीची मक्तेदारी संपली आणि खाजगी व्यापाऱ्यांची गर्दी उसळली. १८३६ मध्ये शू नायजी यांनी अफू कायदेशीर करण्याची शिफारस केली होती. बादशहाने अखेर बंदीचा मार्ग निवडला. कादंबरीत ही चिनी बाजू मात्र पुसटच राहते.

मार्च १८३९ मध्ये ब्रिटिश अधीक्षक चार्ल्स एलियट यांनी व्यापाऱ्यांना अफू आपल्या स्वाधीन करण्यास सांगितले, तेही सरकारच्या नावाने आणि मोबदल्याचे आश्वासन देऊन. युद्धाचे बीज येथे आहे. माल बाजारात खपत नव्हता. आता तो सरकारी देणे बनला. वीस हजारांहून अधिक पेट्या लिन यांच्या हाती गेल्या. लंडनने हे देणे स्वतःच्या तिजोरीतून फेडण्याऐवजी चीनकडून वसूल करायचे ठरवले. एप्रिल १८४० मध्ये पार्लमेंटात सरकारविरोधी ठराव अवघ्या नऊ मतांनी फेटाळला गेला. नानजिंग करारात (१८४२) अफूच्या व्यापाराविषयी एकही कलम नाही; अफूचे नाव येते ते फक्त साठ लाख डॉलरच्या भरपाईच्या कलमात. तिसऱ्या भागात बहरामची विधवा शिरीन भरपाई मागण्यासाठीच चीनकडे निघते. घोष यांनी हे सूत्र एका बाईच्या प्रवासात बांधले, ही त्रयीतील सर्वांत सूक्ष्म योजना होय. मुंबईच्या व्यापाऱ्यांना पैसा उशिरा मिळाला आणि मूल्याहून कमी मिळाला, हे ध्यानी घेतले की शिरीनच्या खेपेतली कडवट गंमत कळते.

त्रयीच्या उणिवाही लहान नाहीत. कँटनच्या सभांमध्ये इंग्रज व्यापारी 'मुक्त व्यापारा'चा जप करतात, तो उपहास सुरुवातीला खुसखुशीत वाटतो, पुढे एकसुरी होतो. त्यांतील पुष्कळांचा त्या तत्त्वावर खरोखर विश्वास होता, आणि श्रद्धाळू माणूस ढोंगी माणसापेक्षा अधिक धोक्याचा असतो. उपहासाच्या आवाजात ही भीती हरवते. जहाजावरील सरंग, टिंडल, खलाशी यांची मिश्र बोली मात्र घोष विलक्षण जिवंत करतात. अरबी-फारसीचा ठसा असलेली ही हिंदुस्थानी उर्दूच्या अध्यापकांनी अवश्य वाचावी.

दुसरी उणीव माळव्याची. अफूचे शेत, शेतकरी, कारखाना हे सारे पहिल्या भागात गाझीपूरच्या बाजूचे आहे, म्हणजे कंपनीच्या मक्तेदारीतले. बहरामसारख्यांचा माल मुख्यतः माळव्याचा. तो मात्र पेट्यांतच दिसतो. इंदूर, उज्जैन परिसरातील साहुकार, संस्थानांतील जकात, कराचीमार्गे दमणला जाणारा चोरटा माल आणि त्याला आवर घालता न आल्याने अखेर कंपनीने सुरू केलेले परवान्याचे शुल्क, हे सारे कथेबाहेर राहते. मुंबईचा अफूव्यापार केवळ पारशांचाही नव्हता. जमशेटजी जिजीभाईंच्या भागीदारांत जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद, कोकणी मुसलमान महंमद अली रोगे आणि गोवेकर रॉजेरियो द फारिया होते. बहराम एकाकी वाटतो तो याच गाळणीमुळे. ही बाजू वगळली की युद्धाचे कारण 'इंग्रज विरुद्ध चीन' इतके सोपे होते आणि आपल्या गावांचा त्यातला नफा नजरेआड जातो. घोष यांनी स्वतःच 'स्मोक अँड अ‍ॅशेस' (२०२३) या पुस्तकात माळवा आणि बंगाल यांची तुलना करून ही पोकळी बऱ्याच अंशी भरली आहे. म्हणूनच कादंबऱ्या वर्गात लावताना त्या पुस्तकाची जोड आवश्यक ठरते.

दुसरे युद्ध (१८५६-१८६०) त्रयीच्या कक्षेत येत नाही. तेथील निमित्त 'ॲरो' हे चिनी मालकाचे जहाज होते. त्याची हाँगकाँगची नोंदणी मुदत संपून गेलेली असतानाही ब्रिटिश निशाणाचा अपमान झाल्याची तक्रार केली गेली. १८५८ मध्ये अफूवर जकात ठरली आणि ती कायदेशीर झाली.