जागें झाल्यानंतर

लोकोद्धारासाठीं झटणाऱ्या कार्यकर्त्यांच्या आत्मवृत्तांत एक दोष बहुधा आढळतो. कार्यकर्ता मोठा होत जातो आणि ज्यांच्यासाठीं तो झटला ते लोक पुसट होत जातात. गोदावरी परुळेकर यांचें ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हें पुस्तक ह्या दोषापासून पुष्कळ अंशीं मुक्त आहे. तें १९७० सालीं निघालें. अर्धशतक लोटल्यावरहि त्याचें परीक्षण करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

वारल्यांनीं १९४५ सालीं वेठबिगारीविरुद्ध दिलेल्या लढ्याची ही हकीकत आहे. लग्नासाठीं कर्ज काढून बायकोसह सावकाराच्या घरीं राबणारा ‘लग्नगडी’ येथें आपणांस भेटतो. त्या वर्षाच्या जानेवारींत कल्याणपलीकडे टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली. तेथून ठिणगी उंबरगांव-डहाणूच्या जंगलांत गेली. लेखिका कायद्याच्या पदवीधर. परंतु वारल्यांच्या झोंपड्यांत राहून, त्यांचेंच अन्न खाऊन त्या त्यांच्यांतल्या झाल्या. शिकवावयास गेलेली व्यक्ति आधीं स्वतः शिकते, हें ह्या पुस्तकाचें मर्म होय. १९७२ सालीं साहित्य अकादमीनें त्याचा गौरव केला तो यथायोग्यच होता.

तथापि एक प्रश्न उरतो. जागें झालेल्या माणसानें दुसऱ्या दिवशीं काय करावयाचें? जुन्या ठाणें जिल्ह्यांतून उंबरगांव गुजराथेंत गेलें, डहाणू २०१४ सालीं पालघर जिल्ह्यांत गेलें. शहापूर आणि मुरबाड हे डोंगराळ तालुके ठाण्यांतच राहिले. त्यांच्याकडे पाहिलें म्हणजे ह्या प्रश्नाचें गांभीर्य कळतें. वेठबिगार १९७६ च्या कायद्यानें संपली. परंतु कातकरी आजहि मालकाकडून उचल घेऊन दिवाळीनंतर सहकुटुंब वीटभट्टीवर जातो. तानसा आणि भातसा हीं धरणें शहापूर तालुक्यांत. त्यांचें पाणी मुंबईस जातें, आणि त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. वनहक्काचा कायदा २००६ सालीं झाला. परंतु ग्रामसभेनें वनहक्क समिती नेमून दावे तपासल्यावांचून तो कागदावरच राहतो.

ह्या कामास घोषणा पुरत नाहीं. बैठका घ्याव्या लागतात, ठराव लिहावे लागतात, नकाशे जोडावे लागतात, दावा फेटाळला तर वरच्या समितीकडे पुन्हां जावें लागतें. गांवची संघटना खरी टिकते ती येथेंच. आणि आमच्या वाङ्मयास रुक्ष वाटतें तेंहि हेंच. मुरबाड तालुक्यांतील सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजीं भाई कोतवाल व हिराजी पाटील यांस वीरमरण आलें. त्यांचें स्मरण दरवर्षीं होतें, तें झालेंच पाहिजे. परंतु दाव्याच्या कागदांचें गांठोडें घेऊन कचेरीच्या पायऱ्या झिजविणाऱ्या म्हाताऱ्या ठाकराचेंहि स्मरण कोणीं तरी करावयास नको काय? मरण्याचें धैर्य वाङ्मयास दिसतें. चिकाटीचें धैर्य दिसत नाहीं.

गोदावरीबाईंच्या पुस्तकांत वारली बोलतो, तो लेखिकेच्या मुखानें. हा आम्ही त्यांचा दोष मानीत नाहीं. अक्षर ज्याच्या हातीं आलें नव्हतें त्याच्या वतीनें कोणीं तरी लिहिणें प्राप्तच होतें. आतां स्थिति पालटली आहे. ह्या पाड्यांवरचीं मुलें शाळा-महाविद्यालयांत गेलीं आहेत. शिवाय वनहक्काच्या नियमांनीं एक मोठी गोष्ट केली आहे: गांवांतील वडीलधाऱ्या माणसांचें निवेदन, लिहून घेतलें असतां, पुरावा म्हणून ग्राह्य धरलें आहे. कायद्यानें जें मानलें तें वाङ्मयानें अद्यापि मानलेलें नाहीं.

म्हणून आम्हांस वाटतें कीं, ह्या मालिकेंतील पुढचें पुस्तक शहापूर-मुरबाडच्या एखाद्या पाड्यावर, तेथल्याच माणसानें लिहावें. कार्यकर्त्यानें फार तर त्यास प्रस्तावना लिहावी. आणि तीहि आंखूड असावी.