शार्कच्या तोंडातली टाकी

स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘जॉज’ हा चित्रपट १९७५ साली आला. त्याचा शेवट पुष्कळांना आठवत असेल. सुमारे साडेसात मीटर लांबीच्या शार्कच्या जबड्यात पाणबुड्यांची हवेची टाकी अडकलेली असते. पोलीसप्रमुख ब्रॉडी बुडत्या डोलकाठीला लटकून बंदूक रोखतो. गोळी टाकीला लागते आणि शार्कच्या चिंधड्या उडतात.

चित्रपट म्हणून हा शेवट जबरदस्त आहे, याबद्दल वाद नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. या चित्रपटात टाकीचा प्रसंग दोनदा येतो. पहिल्या वेळी दिग्दर्शक विज्ञानाच्या बराच जवळ आहे, दुसऱ्या वेळी तो विज्ञानाला सोडून जातो, आणि प्रेक्षकाच्या मनात राहतो तो दुसरा प्रसंग.

पहिला प्रसंग साधा आहे. बोटीवर ब्रॉडी चुकीची दोरी ओढतो आणि बांधून ठेवलेल्या टाक्या गडगडत खाली येतात. समुद्रशास्त्रज्ञ हूपर त्याच्यावर खेकसतो, कारण टाक्यांत दाबाखालची हवा आहे. ‘स्फोट होईल’ ही त्याची भाषा थोडी अतिशयोक्त आहे, पण त्याचे वागणे अगदी बरोबर आहे. भरलेली टाकी पडली आणि तिची झडप तुटली, तर हवा एका बाजूने सुसाट बाहेर पडते व टाकी विरुद्ध दिशेला अग्निबाणासारखी सुटते. न्यूटनचा तिसरा नियम इतक्या रोखठोक स्वरूपात क्वचितच भेटतो. टाकी बांधून ठेवायची ती याचसाठी.

आता शेवटाकडे वळू. थोडे गणित करून पाहा. पाणबुड्याच्या टाकीचे आकारमान साधारण ११ लिटर आणि दाब वातावरणाच्या २०० पट धरला, तर तिच्यात सुमारे २,२०० लिटर हवा कोंबलेली असते. ती हवा झटकन प्रसरण पावली तर जवळजवळ ४ लाख ३० हजार ज्यूल ऊर्जा मिळेल. एक टन वजनाची मोटार ४० मीटरहून अधिक उंच उचलायला इतकी ऊर्जा पुरते. म्हणजे दिग्दर्शकाने निवडलेली वस्तू दुबळी मुळीच नाही. चूक ऊर्जेच्या हिशेबात नाही, ती बाहेर कशी पडते याच्या कल्पनेत आहे. हवा हे इंधन नव्हे, ती पेट घेत नाही. गोळीने धातूला भोक पडते आणि त्या भोकातून हवेचा झोत निघतो. ‘मिथबस्टर्स’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेने २००५ साली हा प्रयोग खरोखर करून पाहिला. गोळी लागलेली टाकी बॉम्बसारखी फुटली नाही, ती वेडीवाकडी उसळत गेली.

‘जॉज’ ही कादंबरी लिहिणारे पीटर बेंचली यांनाही हा शेवट पटला नव्हता. त्यांच्या १९७४ सालच्या पुस्तकात शार्क जखमांनी मरतो, तिथे स्फोट नाही. स्पीलबर्ग यांची बाजू अशी, की दोन तास प्रेक्षकाला खिळवून ठेवले तर शेवटची काही मिनिटे तो काहीही मान्य करतो. कलावंत म्हणून त्यांचे म्हणणे खरे ठरले. पण प्रेक्षकाने जे मान्य केले, ते तो चित्रपटगृहाबाहेरही घेऊन जातो. गोळी, ज्वाला, धडाका असे काही असेल तरच टाकी घातक, एरवी ती निरुपद्रवी डबा, अशी समजूत त्याच्याबरोबर घरी जाते.

ही समजूत कुठे महागात पडते, याचे उदाहरण एका खेळात सापडते. १९८१ साली अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात बारा जणांनी, वनखात्याचे लोक झाडांवर खुणा करायला वापरत ती रंगाच्या गोळ्यांची पिस्तुले घेऊन, लपाछपीसारखा डाव मांडला. त्यातून पेंटबॉल हा खेळ निघाला. आता आपल्याकडेही सहलीच्या ठिकाणी तो खेळायला मिळतो. त्या बंदुकीला लहानशी टाकी जोडलेली असते. तिच्यात कार्बन डायऑक्साइड किंवा दाबाखालची हवा भरतात. सुमारे १.१ लिटरच्या, कार्बन तंतूंचे वेष्टण असलेल्या हवेच्या टाकीत दाब वातावरणाच्या ३०० पटींपर्यंत असतो. तिच्यातली ऊर्जा सुमारे ७० हजार ज्यूल भरते. ७० किलोचा माणूस १०० मीटर उंच उचलावा, इतकी ती आहे. आणि ती शाळकरी मुलाच्या हातात असते.

अमेरिकेच्या ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगाने या खेळातल्या कार्बन डायऑक्साइडच्या टाक्यांबद्दल इशारा दिला, तो दोन मृत्यूंनंतर. तिथे ना गोळी होती, ना आग. खेळाडू बंदुकीपासून टाकी सोडवायला ती फिरवतो. टाकीच्या तोंडावरची झडप नीट घट्ट बसलेली नसेल, तर बंदुकीचे आटे सुटण्याऐवजी झडपेचेच आटे टाकीतून सुटू लागतात. आट्यांचा व्यास दीड सेंटीमीटर आणि दाब वातावरणाच्या ५७ पट धरला, तर झडपेवर सुमारे १०० किलोग्रॅम वजनाइतके बल असते. शेवटचा आटा सुटला की टाकी सुटते. यावर खेळाडूंचा एक उपाय आहे. झडप आणि टाकीचा गळा यांच्यावर नखांच्या रंगाची एक सलग रेघ ओढायची. टाकी फिरवताना रेघ तुटून दोन भाग सरकलेले दिसले, की हात थांबवायचा आणि टाकी जाणकाराकडे न्यायची.

टाक्या फुटतच नाहीत, असे मात्र कुणी समजू नये. ६३५१ क्रमांकाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या काही जुन्या टाक्या गळ्याशी तडे वाढून, हवा भरताना फुटल्या आहेत. म्हणून टाक्यांची पाण्याच्या दाबाने ठरावीक मुदतीने चाचणी घेतात, अमेरिकेत सहसा दर पाच वर्षांनी. कार्बन तंतूंच्या टाकीचे आयुष्यही बहुधा १५ वर्षे ठरवलेले असते. टाकी सावकाश भरायची, कारण झटकन दाबलेली हवा तापते. भरण्याच्या तोंडाला तेल लावायचे नाही, कारण अशा तापलेल्या, दाबाखालच्या हवेत ते पेटू शकते. आपल्या देशात वायूंच्या सिलिंडरांसाठी २०१६ चे नियम आहेत आणि त्यांची अंमलबजावणी पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपूरलाच आहे.

वर्गात या विषयातून एक चांगला प्रश्न विचारता येईल. दोन्ही टाक्या उन्हात मोटारीत राहिल्या आणि तापमान २० वरून ५० अंश सेल्सिअस झाले, तर काय होईल? हवेचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे दहा टक्के वाढेल. कार्बन डायऑक्साइड मात्र टाकीत द्रवरूपात असतो आणि ३१ अंशांच्या वर त्याची द्रवावस्था टिकत नाही. टाकी जास्त भरलेली असेल तर तिथे दाब कितीतरी वेगाने चढतो आणि सुरक्षेसाठी बसवलेली पातळ चकती फुटते. म्हणून ही टाकी वजन करून भरतात. बॉइल आणि चार्ल्स यांचे नियम कुठे लागू होतात आणि कुठे थांबतात, हे इतक्या जिवंतपणे सांगणारी उदाहरणे पाठ्यपुस्तकात फारशी नसतात.

‘जॉज’ मुलांना जरूर दाखवावा. शेवट झाल्यावर मात्र त्यांना एवढेच विचारावे, की या चित्रपटात टाकीशी शहाणपणाने कोण वागले. बहुतेक हात ब्रॉडीसाठी वर होतील. मग बोटीवरचा तो दोरीचा प्रसंग पुन्हा लावावा. टाकी पाहून सर्वांत आधी सावध झालेला माणूस त्यात आहे. सहलीच्या मैदानावर मुलांना त्याचीच आठवण व्हायला हवी.