ग्रंथीची छाया आणि रोगाचे कारण

मानेतील लसीका ग्रंथी सुजून त्यांची माळ झाली, की मराठीत तिला पूर्वापार ‘गंडमाळा’ म्हणत आले. या एका नावाखालील रोग प्रतिमाशास्त्राने निराळे करून दाखवावेत, ही अपेक्षा रास्तच होय. परंतु ग्रंथी जंतुसंसर्गाने सुजली की प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटल्याने, याचा निवाडा प्रतिमेवरून होतो, असे जे प्रतिपादन अलीकडे केले जाते, ते तपासून घेणे अवश्य आहे.

हाँगकाँगचे अनिल आहुजा व मायकेल यिंग यांच्या २००५ मधील आढाव्यात ग्रंथीचा आकार, तिच्या खाचेतील शुभ्र चरबीरेषा, रक्तवाहिन्यांची ठेवण, आतील ऊतकमृत्यू ही सोनोग्राफीतील लक्षणे काळजीपूर्वक मांडली आहेत. मात्र या परिभाषेचा मुख्य रोख कर्करोगाची ग्रंथी ओळखण्याकडे होता. तिच्यावर दुसऱ्याच प्रश्नाचा भार घालणारे हे सहज विसरतात. क्षयाच्या ग्रंथी एकमेकींस चिकटतात, सीटी स्कॅनमध्ये त्यांचा मध्य काळसर व कडा उजळ दिसते, हे खरे. पण १९७२ मध्ये जपानात किकुची व फुजिमोटो यांनी स्वतंत्रपणे वर्णिलेल्या, बहुधा आपोआप बऱ्या होणाऱ्या रोगातही ऊतकमृत्यू होतो. ल्युपसमध्येही तो आढळतो. उलटपक्षी, आरंभीच्या क्षयग्रंथीत तो नसूही शकतो. पेट स्कॅन तर दोहोंकडे उजळतो, कारण दाहातील पेशी कोणत्याही निमित्ताने साखर ओढतातच. छाया ऊतकाची अवस्था सांगते. तिचा कर्ता सांगत नाही.

वाशीम येथे २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. रिसोड वा मानोऱ्याहून तेथे येणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत हा वाद केवळ पंडिती राहत नाही. क्षय विरळ असलेल्या देशांत बसविलेले ठोकताळे येथे तसेच लावले, तर ‘सौम्य’ दिसणारी ग्रंथीही क्षयाचीच निघण्याचा संभव पुष्कळ उरतो. अशा वेळी स्टेरॉइड दिल्यास क्षय पसरू शकतो. लिंफोमा असल्यास तो काही काळ दबून निदान लांबते. उलट, क्षय नसता त्याचे औषध दिले, तर यकृतास जड जाणाऱ्या गोळ्या सहा महिने व्यर्थ घ्याव्या लागतात.

सोनोग्राफीचे खरे सामर्थ्य सुईला वाट दाखविण्यात आहे. कोणती ग्रंथी निवडावी, पू मध्यातून व पेशी कडेच्या जिवंत भागातून कशा घ्याव्यात, हे ती उत्तम सांगते. त्या द्रवाची जनुकीय चाचणी करण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच केली. ती नकारार्थी आली तरी क्षय बाद होत नाही. मग ग्रंथी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. तेव्हा अहवालात ‘क्षयसदृश’ एवढेच लिहून थांबण्याऐवजी सुई कोठे घालावी हे लिहिणाऱ्या प्रतिमातज्ज्ञाचा अहवाल अधिक मोलाचा मानावा लागेल.