भोपळा नसलेली भोपळ्याची कॉफी

अमेरिकेत ऑगस्ट संपत आला की इन्स्टाग्रामवर पंपकिन स्पाइस लाटेचे फोटो उगवायला लागतात. बाहेर ऊन मी म्हणत असतं, झाडं हिरवीगार असतात. कॅफेच्या काचेवर मात्र नारिंगी भोपळे आणि वाळकी पानं. एका कॉफीची लोक एवढी वाट का पाहतात, हे कुतूहल इथे आल्यापासून होतं. यंदा एक कप घेतलाच.

पहिल्या घोटात भोपळा लागत नाही. दालचिनी पुढे येते, मागून लवंग आणि सुंठ, तळाशी जायफळ. स्टारबक्सने 2003 मध्ये हे पेय आणलं तेव्हा त्यात भोपळा नव्हताच. खरा गर आला तो 2015 मध्ये. तरी याला फसवणूक म्हणणं मला पटत नाही. 'पंपकिन स्पाइस' म्हणजे भोपळ्याच्या पायमध्ये घालायचा मसाला. आपल्या चहाच्या मसाल्यात तरी चहा कुठे असतो? मॅकॉर्मिक कंपनीने हा मसाला 1934 मध्ये तयार डबीत आणला. त्याच्याही आधी, 1796 सालच्या अमेलिया सिमन्सच्या 'अमेरिकन कुकरी'त भोपळ्याच्या गोडाला जायफळ आणि आलं सांगितलेलं आहे.

म्हणजे इथल्या माणसाला या वासातून थँक्सगिव्हिंगचं घर आठवतं. मला पुरणपोळी आठवली. आणि जायफळाची कॉफी तर मराठी घरांत जुनीच. पण तिथे जायफळ चिमूटभर, किसणीवर दोनदा फिरवलेलं. कॉफी कॉफीच राहते. इथे सोळा औंसांच्या कपात सुमारे 50 ग्रॅम साखर आहे, वर क्रीमचा डोंगर. अर्ध्या कपानंतर मसालाही थकतो आणि उरतो फक्त गोडवा. माझी खरी तक्रार ही आहे.

लोकांची तक्रार वेगळीच असते. हे पेय पिणाऱ्या मुलींना 'बेसिक' म्हणून हिणवायची इथे पद्धत पडली आहे. गंमत बघा, मॅच बघताना ठरलेली बिअर पिणाऱ्या पुरुषांची आवड 'परंपरा' ठरते आणि तरुण मुलींना एखादी गोष्ट आवडली की ती आपोआप उथळ. चव वाईट असेल तर चवीवर बोला ना. पिणारीच्या बुटांवर आणि स्कार्फवर बोलणं ही समीक्षा नव्हे.

बोलायचंच तर ऋतूवर बोलावं. कोजागिरीचं मसाला दूधही ऋतूचंच पेय, पण त्याची तारीख चंद्र ठरवतो. दुधाच्या मसाल्याची पाकिटं दुकानात वर्षभर मिळतात, तरी कोजागिरी दोन आठवडे अलीकडे ओढायची कुणाची टाप नाही. इथे शरद कधी सुरू होणार ते कंपनी ठरवते, आणि झाडांच्या आधी कप रंग बदलतात.

तरीही लोक रांगेत उभे राहतात ते मूर्ख आहेत म्हणून नाही. वर्षभर सगळं मिळणाऱ्या बाजारात वाट पाहण्यासारखं काहीतरी हवं असतं. ती भूक खरी आहे. तुम्हालाही कुतूहल असेल तर जरूर प्या: लहान कप, सिरप निम्मं, क्रीम नको, आणि जमल्यास पानं खरोखर गळायला लागल्यावर.