काव्यपुरुषाचा एकांत : एकट्याच्या मत्स्यविहारकथेचा एक तौलनिक विचार

१

राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाची एक कथा आहे. सरस्वती आपल्या पुत्रास मागे ठेवून ब्रह्मदेवाच्या सभेस गेली, तेव्हा तो रुसला आणि एकटाच चालता झाला. त्याचा मित्र कुमार रडू लागला. मग गौरीने साहित्यविद्यावधू निर्माण करून तिला त्या रुसलेल्याच्या मागोमाग पाठविले. तो देशोदेशी हिंडत राहिला आणि ती त्याच्या मागून जात राहिली. अखेर विदर्भातील वत्सगुल्म नगरी त्या दोघांचा गांधर्वविवाह झाला. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती, आणि १९९८ पासून हे स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे आहे.

ही कथा आपल्या वर्गांत बहुधा रीतिविचाराच्या ओघात सांगितली जाते. वैदर्भी रीतीचे माहात्म्य सांगून झाले की ती संपते. परंतु तिच्यातील एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. काव्यपुरुष निघतो तो एकटा, आणि त्याचे एकटे हिंडणे सार्थ होते ते मागून येणारे कोणी त्यास गाठते तेव्हा. एकांताच्या वाङ्मयाकडे पाहण्याची एक दृष्टी या कथेत सापडते. प्रस्तुत लेखात ती एका विशिष्ट वाङ्मयप्रकारास लावून पाहावयाची आहे. रानात एकट्याने मुक्काम करून पाण्याकाठी मासे धरावयास गेलेल्या माणसाची कथा, हा तो प्रकार होय.

इंग्रजीत या प्रकाराची परंपरा दीर्घ आहे. आयझॅक वॉल्टनचा गळाच्या मासेमारीवरील ग्रंथ १६५३ साली प्रसिद्ध झाला. थोरोचे ‘वॉल्डन’ १८५४ सालचे असून त्यातही तळे, होडी आणि गळ यांना स्थान आहे. मराठीत असे वाङ्मय नाही, आपली प्रतिभा कुटुंबात आणि गावगाड्यात रमली, तिला एकांत मानवला नाही, असा अभिप्राय पुष्कळदा कानी पडतो. हा अभिप्राय अर्धाच खरा आहे, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे. शिवाय जो अर्धा खरा आहे, त्याचे कारण सामान्यतः समजले जाते ते नव्हे.

२

या प्रकारातील एक निर्दोष कृती म्हणून हेमिंग्वेच्या ‘बिग टू-हार्टेड रिव्हर’ या १९२५ सालच्या दीर्घ कथेकडे बोट दाखविता येईल. कथानक म्हणण्यासारखे तीत काहीच नाही. निक नावाचा तरुण एका जळून गेलेल्या गावाच्या स्थानकावर आगगाडीतून उतरतो, पुलावरून प्रवाहातील ट्राउट मासे पाहतो, पाठीवर जड ओझे घेऊन चालत जातो, तंबू ठोकतो, स्वयंपाक करतो आणि झोपतो. दुसऱ्या दिवशी टोळांचे आमिष लावून तो मासे धरतो. एक मोठा मासा सुटतो, दोन हाती लागतात. पुढे दलदल आहे. तिच्यात आज शिरावयाचे नाही असे ठरवून तो परततो. कथा येथेच संपते.

ट्राउट हा थंड, वाहत्या, स्वच्छ पाण्याचा मासा. इंग्रजांनी तो काश्मीर आणि निलगिरी येथे आणून सोडला. वऱ्हाडच्या तापणाऱ्या तळ्यांत तो जगावयाचा नाही. यास्तव आपल्या विद्यार्थ्यास ही कथा प्रथम परकी वाटते. परंतु तिचे मर्म माशात नाही, क्रियांच्या वर्णनात आहे. खुंटी कशी ठोकली, कापड कसे ताणले, कढईत पीठ कसे पसरले, हे सारे लेखक इतक्या बारकाईने सांगतो की वाचकास प्रश्न पडावा : एवढा काटेकोरपणा कशासाठी? उत्तर असे की हा तरुण युद्धावरून परतलेला आहे. कथेत युद्धाचा शब्दही नाही. हेमिंग्वेने पुढे आपल्या आठवणींत हे स्वतः नमूद केले आहे. ज्याचे मन विचाराच्या कडेवर उभे आहे, तो हातांना कामास जुंपून मनाला सावरीत असतो. खुंटीवर पडणारा प्रत्येक घाव म्हणजे न बोललेले एक वाक्य होय.

आता या एकांताची घडण पाहावी. निक एकटा आहे खरा, पण रात्री कॉफी करताना तो ती हॉपकिन्स नामक जुन्या मित्राच्या पद्धतीने करतो. त्या मित्राशी कॉफीवरून आपला वाद झाला होता, हे त्यास आठवते. कॉफी कडू होते आणि तो हसतो. दुसरे स्थळ याच्या उलट जाणारे आहे. मासा परत पाण्यात सोडावयाचा तर हात आधी ओला करावा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर निघतो आणि तेथे पांढरी बुरशी धरते. गर्दीच्या प्रवाहांत असे बुरशी धरलेले मेलेले मासे आपण पाहिले आहेत, हे आठवून निकला नदीवर परकी माणसे नकोशी होतात. म्हणजे त्याच्या एकांतात एक अनुपस्थित मित्र आहे आणि अनेक नकोसे अनोळखी आहेत. पूर्ण निर्मनुष्य असा हा एकांत नव्हेच. ज्यास येऊ द्यावयाचे त्यास स्मरणातून येऊ देणारा आणि इतरांना दारातच अडविणारा असा तो आहे.

३

मराठीकडे वळल्यावर पहिला थांबा घ्यावा लागतो तो आपल्या गद्याच्या उगमापाशीच. म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’चे तीन भाग आहेत : एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध. यांतील ‘एकांक’ म्हणजे श्रीचक्रधरांच्या एकट्याने केलेल्या भ्रमंतीच्या लीळा. साळबर्डीच्या डोंगरातील त्यांचे वास्तव्य याच भागात येते. मराठी गद्याचा पहिला ग्रंथ एका एकट्या माणसाच्या रानावनातील हिंडण्याने आरंभ होतो, ही गोष्ट ‘मराठीस एकांत मानवला नाही’ असे म्हणणाऱ्यांनी विचारात घेतलेली दिसत नाही.

एकांकात एक प्रसंग शिकारीचा आहे. पारध्यांच्या कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा येऊन स्वामींच्या मांडीखाली शिरतो. पारधी तो मागतात. स्वामी त्यांच्याशी बोलतात आणि पारधी शिकार सोडून देतात. निकच्या ओल्या हाताशी हा प्रसंग ताडून पाहण्यासारखा आहे. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे : रानात एकट्या माणसाच्या हाती दुसऱ्याचा जीव येतो, तेव्हा त्याने काय करावे? निक कौशल्याने उत्तर देतो : जो सोडावयाचा तो इजा न करता सोड. एकांकातील उत्तर शरणागताच्या रक्षणाचे आहे. तेथे कौशल्याचा प्रश्नच उरत नाही. परंतु ध्यानात घेण्याजोगा भेद आणखी एक आहे. निकची नीती त्याच्यापुरती राहते; एकांकातील नीती पारध्यांशी बोलणे होऊनच सिद्ध होते. येथे परका मनुष्य दारात अडविलेला नाही.

दुसरा मुद्दा कथनाचा. स्वामी एकटे असतानाच्या लीळांस साक्षी कोण? त्या त्यांनी पुढे आपल्या शिष्यांना स्वमुखे सांगितल्या, शिष्यांनी स्मरणात ठेविल्या, आणि म्हाइंभटांनी त्या हिंडून गोळा केल्या. म्हणजे एकांक हा एकांत असला तरी त्याचा ग्रंथ श्रोत्यांमुळे झाला. काव्यपुरुषाच्या मागोमाग जाणारी ती वधू येथे श्रोत्यांच्या रूपाने पुन्हा भेटते.

लीळाचरित्राची लहान, अनलंकृत वाक्ये आणि हेमिंग्वेची तुटक वाक्ये यांत बाह्य साम्य आहे म्हणून कोणी घाईने तुलना करू नये. हेमिंग्वे थोडे सांगतो, कारण त्याला काही लपवावयाचे आहे. म्हाइंभट थोडे सांगतात, कारण ऐकले त्याहून अधिक काही घालावयाचे नाही अशी त्यांची प्रतिज्ञा आहे. एकाचा संयम कलावंताचा, दुसऱ्याचा साक्षीदाराचा. तथापि एक गोष्ट दोघांत समान आहे : माणूस कोठे बसला, काय जेवला, कोणत्या वाटेने गेला, हे दोघांनाही सांगण्याजोगे वाटते. हा क्रियेविषयीचा आदर आपल्या पुढील निसर्गलेखनात किती टिकला, हे पाहावयाचे आहे.

४

एकोणीसशे साठनंतर या प्रकारच्या अनुभवाचे दोन श्रेष्ठ परकीय ग्रंथ मराठीत आले. दुर्गाबाई भागवतांनी ‘वॉल्डन’ मराठीत आणले, आणि पु. ल. देशपांडे यांनी हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याची कथा ‘एका कोळियाने’ या नावाने दिली. हे नाव मार्मिक आहे. मराठीत ‘कोळी’ म्हणजे मासेमार आणि कोळी म्हणजे जाळे विणणारा जीवही. शाळेत शिकलेल्या, पुनःपुन्हा पडून पुनःपुन्हा चढणाऱ्या कोळ्याच्या कवितेचा ध्वनी त्या नावातून उमटतो. मूळ इंग्रजी नावात तो नाही. मात्र मूळ कथेचा आणखी एक गुण येथे विसरता कामा नये. तो म्हातारा समुद्रावर एकटा असतो, आणि तो मुलगा आता जवळ हवा होता असे पुनःपुन्हा म्हणतो. निकला माणसे नको आहेत. या कोळ्याला एक माणूस हवे आहे. एकाच लेखकाच्या या दोन एकांतांत हा फरक कोठून आला? निक छंदासाठी मासे धरतो. म्हातारा पोटासाठी धरतो, आणि चौऱ्यांशी दिवस त्याला मासा मिळालेला नाही.

हा फरक मनात ठेवून आपल्या वनसाहित्याकडे यावे. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ (१९७९) आणि मारुती चितमपल्ली यांचे ‘नवेगावबांधचे दिवस’ ही दोन्ही पुस्तके विदर्भाच्या पूर्वेकडील तलावांच्या प्रदेशातून आली. चितमपल्ली (१९३२–२०२५) वनाधिकारी होते. ते जन्माने सोलापूरचे, आणि २००६ साली सोलापुरातच भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. या लेखनाचा मोठेपणा वादातीत आहे. पक्षी, झाडे, मासे यांची जी शब्दसंपत्ती त्यांनी मराठीस दिली, ती कोशकाराचीही आहे आणि लेखकाचीही. त्याहून महत्त्वाचे हे की ज्यांच्याकडून ते शिकले त्यांना त्यांनी लपविले नाही. नवेगावचे माधवराव पाटील, आदिवासी वाटाडे, तलावावर मासे धरणारे धीवर, हे सारे त्यांच्या पानांवर गुरूच्या जागी आहेत. निकचा हॉपकिन्स आठवणीत आहे. चितमपल्लींचे सोबती शेजारी बसलेले आहेत. एकांक ज्या परंपरेत मोडते, त्याच परंपरेतील हा एकांत आहे.

तरीही एक उणीव नोंदविली पाहिजे, आणि ती एका लेखकाची नसून एकूण मराठी वनसाहित्याची आहे. आपला लेखक पाहतो अधिक, करतो कमी. पाखरू दिसले, रंग दिसला, नाव कळले, आख्यायिका कळली. परंतु चूल कशी पेटली, ओल्या लाकडाशी किती वेळ झुंज झाली, हे क्वचितच येते. दुसरे असे की धीवर येथे ज्ञान देणारा म्हणून येतो. तो माशांच्या सवयी सांगतो, लोककथा सांगतो आणि पानावरून निघून जातो. मध्यरात्री जाळे टाकून डोंग्यात एकटा बसलेला असताना त्याच्या मनात काय चालते, हे आपणांस कळत नाही. एकांत लेखकाचा, आणि त्या एकांतास लागणारी सामग्री धीवराची, अशी ही वाटणी झाली आहे. एकांत अनुभवण्याचा अधिकार सुटी घेऊन आलेल्या माणसाचाच, असा एक समज यामागे नकळत उभा आहे.

५

मराठीत एकट्याच्या मत्स्यविहाराचे वाङ्मय का नाही, या प्रश्नाचे उत्तर आता वेगळ्या रीतीने देता येईल. आपल्यास एकांत मानवत नाही हे ते उत्तर नव्हे. एकांकाने ते खोटे ठरविले आहे. पाण्यावर एकटे असणे हा आपल्याकडे मुख्यतः भोई-धीवरांचा कामाचा भाग राहिला, आणि लिहिणारा वर्ग त्या पाण्याच्या काठावर राहिला, हे त्याचे खरे कारण होय. ज्याला अनुभव होता त्याच्या हाती लेखणी नव्हती. ज्याच्या हाती लेखणी होती त्याला जाळ्याचे वजन ठाऊक नव्हते.

यावर असा आक्षेप येईल की पोटासाठी राबणाऱ्यास एकांत कोठला, त्यास केवळ एकाकीपणा असतो. हा आक्षेप ‘एका कोळियाने’ वाचणाऱ्याने तरी घेऊ नये. तो म्हातारा उपाशी आहे, थकलेला आहे, आणि तरीही चांदण्या, पाखरे व गळास लागलेला मासा यांच्याशी त्याचे जे बोलणे चालते, त्याहून समृद्ध एकांत दुसरा दाखविता येणार नाही. श्रम आणि चिंतन हे परस्परांचे वैरी नव्हेत. तसे ते आहेत असे मानणे ही वाचकवर्गाची सवय आहे.

वाशीम जिल्ह्यातील संशोधक विद्यार्थ्यास या विचारातून एक प्रत्यक्ष कार्य सुचते. पैनगंगा, अडाण आणि काटेपूर्णा यांच्या काठी, धरणांच्या जलाशयांवर, भोई समाजाची माणसे आजही मासे धरतात. त्यांच्या जाळ्यांची, गळांची, माशांची नावे गोळा करावीत हे खरेच; कोशासाठी त्यांची गरज आहे. परंतु तेवढ्यावर थांबू नये. म्हाइंभटांनी केले ते करावे : माणूस एकटा असताना काय झाले, हे त्याच्याच तोंडून ऐकावे, दोन आठवणी जुळत नसतील तर दोन्ही ठेवाव्यात, आणि आपल्या पदरची शोभा त्यात घालू नये. लीळाचरित्राने सातशे वर्षांपूर्वी घालून दिलेली ही शिस्त कोणत्याही अद्ययावत क्षेत्रसंशोधनास लाजविणारी नाही.

काव्यपुरुष रुसून निघाला तेव्हा त्याला साहित्य हवे होते असे राजशेखर म्हणत नाही. त्याला एकटे जावयाचे होते. साहित्य त्याच्या मागून चालत आले, आणि त्यांची गाठ पडली ती वत्सगुल्मात. त्याच गावच्या परिसरात, काठापासून दूर डोंग्यात बसलेला कोणी एक मनुष्य आजही एकटा आहे. त्याच्या मागोमाग जाणे हे आपले काम आहे.